आज कोण आलं नाही?

बाईंचं अक्षर शाळेत प्रसिद्ध होतं. प्रमाणपत्रांवरची नावं त्याच लिहायच्या, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक त्याच लिहायच्या. कुणी निवृत्त होणार असलं की महिनाभर आधी येऊन हळूच सांगून जायचं, "मानपत्र तुमच्याच हातचं पाहिजे हं, बाई." आत कौतुक खरं असो नसो, दिसायला ते खरं दिसावं, एवढीच अपेक्षा.

सव्वीस वर्षं त्यांनी चौथीला शिकवलं होतं. त्यांच्या वर्गातल्या वह्याही त्यांच्यासारख्याच. बाई फळ्यावर प्रश्न लिहीत, खाली उत्तर लिहीत, मुलं उतरवून घेत आणि उत्तराखाली पट्टीने रेघ मारत. विज्ञान असो, भूगोल असो, रीत एकच. एकेचाळीस वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकाच छापखान्यातून निघाल्यासारख्या दिसत. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, नव्या शिक्षकांना त्या मुद्दाम दाखवत आणि म्हणत, "वर्ग असा पाहिजे. सगळे कसे एका माळेचे मणी." एका माळेचे मणी हे काही कौतुकानं म्हणत नाहीत, पण मोठ्या बाईंना ते सांगणार कोण?

सहामाहीचे पेपर तपासायला बाईंनी घरी आणले होते. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला गठ्ठा, दुसऱ्या बाजूला चहा. बाईंचे यजमान कामावरून येऊन समोर बसले होते. ते एका मोठ्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल करायचे. बोलणं दिवसाकाठी मोजून वीस वाक्यं, त्यातली दहा चहाबद्दल. चहा पिता पिता त्यांनी सहज एक पेपर ओढला आणि वाचायला लागले.

"हिचं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?" बाईंची मान खालीच.

"ही. पाचवा प्रश्न. फुली मारलीय."

बाईंनी पाहिलं. पेपर मुंगीचा होता. नाव वेगळं, पण वर्ग तिला मुंगीच म्हणायचा. अक्षर बारीक, चालणं भिंतीच्या कडेकडेनं. प्रश्न होता, बाष्पीभवन म्हणजे काय? मुंगीनं लिहिलं होतं, 'ओला फ्रॉक दोरीवर घातला की वाळतो. पाणी कुठे जाते ते दिसत नाही. ते हवेत जाते. ते बाष्पीभवन.'

"व्याख्या नाही लिहिली तिनं," बाई म्हणाल्या.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

बाईंनी गठ्ठ्यातला वरचा पेपर पुढे सरकवला. 'वाफेचे पाण्यात रूपांतर होणे याला बाष्पीभवन असे म्हणतात.' खाली लाल शाईची ठसठशीत खूण, बरोबर.

यजमानांनी तो वाचला. मग दुसरा. मग तिसरा. चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "वाफेचं पाण्यात? मग पाण्याची वाफ होते त्याला काय म्हणतात?"

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी पिशवीतून विज्ञानाच्या वह्या काढल्या. पहिली उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. सगळीकडे तेच. त्या दिवशी फळ्यावर दोन व्याख्या लिहिताना त्यांच्या हातून अदलाबदल झाली होती. चाळीस मुलांनी ती चूक सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली, खाली पट्टीने रेघ मारली, घरी जाऊन पाठ केली, परीक्षेत लिहिली. आणि बाईंनी चाळीस वेळा तिच्यावर बरोबरची खूण केली. एकेचाळिसावी मुलगी त्या दिवशी तापानं घरी होती. तिला फळा मिळाला नाही, म्हणून तिनं आपल्या फ्रॉकबद्दल लिहिलं. तिलाच तेवढी फुली मिळाली.

चूक कुणाची होत नाही? बाईंना चूक झाल्याचं एवढं वाटलं नाही. त्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं ते निराळ्याच गोष्टीनं. चाळीस घरांत रोज दोरीवर कपडे वाळतात. चाळीस मुलांनी ते रोज पाहिलेलं. एकानंही बोट वर केलं नाही. आणि स्वतः बाईंनी? त्यांनी तरी ती वाक्यं वाचली होती का? त्यांनी फक्त अक्षर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी मनात बरीच वाक्यं जुळवली होती, पण प्रत्यक्षात एवढंच निघालं, "मुलांनो, मी चुकले." मग काय चुकलं ते सांगितलं, आणि मुंगीचं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. मुंगीनं डोकं बाकाला लावलं. तिला बहुधा वाटलं की आता आणखी ओरडा बसणार.

वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून त्याचं नाव वकील पडलेलं. तो उभा राहिला. "बाई, चूक तुमची आहे, मग आमचे मार्क कापणार का?"

"नाही कापणार. पण मला एक सांगा. तुमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही का, की हे उलटं आहे?"

मुलं बाकाकडे बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरची, वर्गात नेहमी पहिली येणारी मुलगी म्हणाली, "मला वाटलं होतं, बाई. पण फळ्यावर होतं ना."

हे वाक्य बाईंच्या मनातून काही केल्या जाईना. फळ्यावर होतं ना. म्हणजे पोरीला कळलं होतं, आणि कळलेलं तिनं बाजूला ठेवलं होतं, फळ्याच्या मानाखातर.

त्या आठवड्यात एकदा त्यांनी यजमानांना विचारलं, "अहो, तुम्ही कामावर रोज वहीत लिहिता ना? काय लिहिता त्यात?"

"नोंदी," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी भरून संपलेली एक जुनी वही घेऊन आले. पुठ्ठ्यावर तेलाचे डाग. बाईंनी मधलंच पान उघडलं. 'तिसरा मजला. दार बंद होताना थरथरतं. खालच्या रुळात शर्टाची गुंडी सापडली. काढली. चार वेळा वर खाली करून पाहिलं. आता थरथर नाही. पण आवाज थोडा आहे, उद्या बघावा.' ऱ्हस्वदीर्घाचा आनंदीआनंद होता. बाईंचा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला आणि यजमान म्हणाले, "ती तपासायची नाहीये."

बाई हसल्या. मग पुन्हा वाचायला लागल्या. आयुष्यात त्यांनी लिफ्टचा रूळ पाहिला नव्हता, तरी तो त्यांना दिसत होता. ती गुंडीसुद्धा दिसत होती.

"हे कुणासाठी लिहिता?"

"माझ्यानंतर पाळीवर येतो त्याच्यासाठी. मी काय बघितलं, काय केलं, पुढं काय झालं. तो तिथं नव्हता ना. त्याला कळायला पाहिजे."

एवढं बोलून त्यांचा दिवसाचा कोटा संपला. पण बाईंना धागा सापडला होता.

सोमवारी त्यांनी गणिताच्या तासाला भागाकार शिकवला आणि शेवटची दहा मिनिटं राखून सांगितलं, "आज फळ्यावरून काही उतरवायचं नाही. आज काय शिकलात ते आपल्या शब्दांत लिहा." एकेचाळीस डोकी वाकली. बाईंना मोठा हुरूप आला. वह्या गोळा करून पाहतात तो काय, 'आज बाईंनी भागाकार शिकवला. बाईंनी खूप छान शिकवले. मला खूप आवडले.' एकीने शेवटी फूल काढलं होतं. सगळी उत्तरं थोड्याफार फरकानं हीच. पालथ्या घड्यावर पाणी! फळ्यावर काही नव्हतं, तरी मुलांनी कुठून तरी उतरवून घेतलंच.

पंधरवडा असाच गेला. मंगळवारी भूगोल छान वाटला, बुधवारी खेळाचा तास छान वाटला. मग एका गुरुवारी हजेरी घेताना बाई थांबल्या. वर्गाचा गोलकीपर आला नव्हता. पाय मुरगळला होता, दोन दिवस घरीच.

"आज कोण आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"गोलकीपर!" सगळा वर्ग ओरडला.

"मग आजचा भागाकार त्याला कळला पाहिजे. तो इथं नाही. तुम्ही आहात. त्याच्यासाठी लिहा. आला की तो वाचेल आणि मला सांगेल, त्याला कळलं की नाही."

त्या दिवशी छान वाटल्याचं कुणीच लिहिलं नाही. गोलकीपरला काय छान वाटलं हे सांगून काय उपयोग? कुणी लिहिलं, 'हे बघ, आधी मोठ्या आकड्याकडे बघायचं.' कुणी पेन्सिली काढून त्यांचे गट केले. वकिलानं लिहिलं, 'तुला पाढे येत नाहीत, म्हणून तू आधी सातचा पाढा पाठ कर आणि मग खालचे वाच.'

शनिवारी गोलकीपर लंगडत आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि त्यातले निवडक आठ कागद हातात दिले. त्यानं न्यायाधीशाच्या थाटात वाचले. "ह्याचं कळलं. हिचं कळलं. ह्याचं नाही कळलं."

तो 'ह्याचं' म्हणजे वकील. तो उसळला. "का नाही कळलं? सगळं बरोबर लिहिलंय!"

"बरोबर असेल. पण उरलेले तीन कुठून आले ते नाही सांगितलंस."

वकिलानं कागद हिसकावून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग जागेवर जाऊन बसला आणि खोडून नव्यानं लिहायला लागला. बाई पाहत राहिल्या. सव्वीस वर्षांत आपण होऊन एखादी गोष्ट दुसऱ्यांदा लिहिणारा हा पहिला मुलगा.

त्यानंतर वर्गात ते रोजचंच झालं. कोण आलं नाही, त्याच्यासाठी लिहायचं. भूगोलाला शाळेपासून घरापर्यंतची वाट, अशी की वाचणारा हरवू नये. विज्ञानाला खिडकीत ठेवलेल्या पेल्यातलं पाणी किती कमी झालं. इतिहासाला प्रश्न, 'हे घडलं तेव्हा तू तिथं असतास तर कुणाला काय विचारलं असतंस?' खेळाच्या तासानंतर लंगडीचे नियम, आणि त्यावरून झालेल्या भांडणाची दोन्ही बाजूंची कैफियत. एके दिवशी हजेरी पूर्ण भरली, एकही गैरहजर नाही. वर्ग हवालदिल झाला. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एकानं हात वर केला, "बाई, मी बाहेर जाऊन बसू का?" त्याची समाजसेवा बाईंनी नम्रपणे नाकारली आणि त्या दिवशी मुलांनी शिपायासाठी लिहिलं.

मुंगीची गोष्ट याच काळातली. ती आईवडिलांकडे नव्हे, मावशीकडे राहायची. मावशी कपडे शिवायची. मुंगी गणितात कच्ची, असं पहिलीपासून तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेलं. पहिलीच्या बाईंनी लिहिलं, दुसरीच्यांनी लिहिलं, तिसरीच्यांनी लिहिलं. चौथीच्या बाईंनीही सहामाहीला तेच लिहिलं, 'गणितात कच्ची. सराव हवा.' वजाबाकी आली की हमखास चुकायची, आणि चुकायची तीही इमानेइतबारे, दर वेळी.

बाईंनी सांगितलं, "बावन्नातून अडतीस वजा कर, आणि कसं केलंस ते लिही. जो आलेला नाही त्याच्यासाठी."

मुंगीचं उत्तर होतं सव्वीस. खाली तिनं मुंग्यांची रांग लावल्यासारखं लिहिलं होतं, 'दोनातून आठ जात नाहीत. लहानातून मोठे जात नाही असे बाई म्हणाल्या. म्हणून मी आठातून दोन घालवले. सहा राहिले. मग पाचातून तीन. दोन. मोठ्यातून लहान नेहमी जाते.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग जुन्या वह्या काढल्या आणि मुंगीच्या साऱ्या चुकीच्या वजाबाक्या तपासल्या. एकही वेंधळेपणाची नव्हती. प्रत्येक चूक याच नियमानं केलेली, काटेकोर. पोरगी चार वर्षं एक नियम निष्ठेनं पाळत होती, आणि तो नियम तिला शिक्षकांनीच दिला होता. लहानातून मोठं जात नाही, हे वाक्य बाईंनी स्वतः किती वेळा म्हटलं असेल? दरवर्षी. हातच्याचं पुढं येतं म्हणून अर्धवटच सोडून दिलेलं वाक्य. चार वर्षं लाल फुल्या मारणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते तिच्या पाच ओळींत स्वच्छ लिहिलेलं होतं. विचारलंच नव्हतं कुणी तिला, कसं केलंस म्हणून.

बाईंनी मुंगीला मधल्या सुट्टीत बोलावलं. दहा दहा काड्यांचे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या टेबलावर ठेवल्या.

"यातून आठ दे मला."

मुंगी दोन सुट्या काड्यांकडे बघत राहिली. "एवढ्या नाहीत, बाई."

"मग?"

तिनं एक जुडगा हातात घेतला. मग त्याचं रबर हळूच ओढून पाहिलं. "हे सोडलं तर चालेल?"

"तुझ्याच काड्या आहेत."

तिनं रबर काढलं, आठ काड्या मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि मान वर केली. "म्हणजे उसने घ्यायचे असतात! मला वाटायचं सगळे नुसतं डोक्यावर एक लिहितात."

बाईंना हसू आलं. प्रगतिपुस्तकात लिहिलेला शेरा पुसता येत नाही. त्यांनी शेजारी नवा लिहिला, 'वजाबाकीचा नियम चुकीचा समजला होता. चूक शिकवण्यात होती.' खाली सही केली.

हे सगळं असं सुरळीत चाललं असतं तर सांगण्यासारखं फार काही उरलं नसतं. पण फेब्रुवारीत पालक सभा आली. सभेच्या दिवशी वह्या टेबलांवर मांडून ठेवायची पद्धत होती. शेजारच्या वर्गाच्या वह्या, मोत्यांचे सर. बाईंच्या वर्गाच्या वह्या: खाडाखोड, बाण, मध्येच चित्रं, समासात 'इथे चुकलो, खाली बघ'. एका पालकानं वही दोन बोटांत धरली. "बाई, ही वही आहे की कोंबडीनं पाय उमटवलेत?"

दुसरा म्हणाला, "तपासलेलीच दिसत नाही. शुद्धलेखन कुणी बघायचं?"

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची आई शांतपणे म्हणाली, "माझी मुलगी पूर्वी सगळं पाठ म्हणून दाखवायची. आता विचारलं तर म्हणते, थांब, विचार करते. परीक्षेत विचार करायला वेळ असतो का, बाई?"

बाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण लिहिण्यात जितक्या हुशार तितक्या त्या बोलण्यात नव्हत्या. कुणी त्यांची बाजू घेतली नाही. मुंगीची मावशी मागच्या रांगेत बसली होती, तीही गप्पच. सभा संपल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावलं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुमच्या वर्गाच्या वह्या म्हणजे शाळेचं नाव."

"मुलं विचार करून लिहायला लागली आहेत, बाई. थोडी वर्षं गेली की अक्षरही..."

"थोडी वर्षं कुणाकडं आहेत? पालकांना आज दिसायला पाहिजे. तुम्ही असं करा. पक्की वही वेगळी ठेवा, पूर्वीसारखी. तुमचे प्रयोग कच्च्या वहीत."

बाईंनी मान डोलावली. भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि मोठ्या बाई अगदीच चुकीचं बोलत होत्या असंही त्यांना वाटलं नाही. शुद्धलेखनाकडे त्यांनी खरंच काणाडोळा केला होता. त्या चाळीस खुणांनंतर लाल पेनाचा इतका धसका घेतला होता की त्यांनी ते हातातच घेतलं नव्हतं. एका टोकाकडून सुटून त्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या होत्या.

आठवड्याभरानं शाळा सुटता सुटता मुंगीची मावशी आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, काढायची राहून गेलेली. हातात मुंगीची कच्ची वही, मागे मुंगी.

"बाई, सभेत बोलले नाही. चारचौघांत बोलायला जमत नाही मला. पण एक विचारू? हिच्या वहीत लाल शाई का नाही? मी मुळातच कमी शिकलेली. मला चुका दिसत नाहीत. तुम्ही पण नाही दाखवल्या, तर हिला कोण दाखवणार?"

बाईंनी वही मुंगीच्या हातात दिली. तिला म्हटलं, "तुझ्या आवडीचं एखादं पान मावशीला वाचून दाखव."

मुंगीनं पानं उलटली आणि भिंतीशी उभी राहून वाचलं, 'मावशी माप घेते तेव्हा दोन बोटे जास्त सोडते. मी विचारले का. ती म्हणाली शिवणीत कापड जाते. म्हणून छत्तीसचे माप असेल तर छत्तीस कापायचे नाही. जास्त कापायचे. कमी पडले तर जोडता येत नाही. जास्त झाले तर दुमडता येते. हे गणित पुस्तकात नाही.'

मावशी ऐकत होती. मोजपट्टीचं टोक तिनं बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "हे मी कधी बोलले? ही शेजारी बसून गुंड्या लावते, मला वाटायचं हिचं लक्षच नसतं." मग वहीत डोकावून म्हणाली, "पण 'शिवणीत' मधला शि बरोबर आहे ना, बाई?"

"बरोबर आहे."

"मग एवढं तरी सांगत जा हो तिला. बरोबर असलेलं सुद्धा."

बाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून नवी शिस्त सुरू झाली. आधी लिहायचं, मग ज्याच्यासाठी लिहिलं त्यानं वाचायचं, मग दुरुस्त करायचं, आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन, बाई आणि मूल शेजारी बसून. पक्क्या वहीत फळ्यावरचं नव्हे, तर मुलांनी स्वतः लिहिलेलं, दुरुस्त झालेलं उतरवायचं. काम दुपटीनं वाढलं. बाईंच्या नाकी नऊ आले. कित्येकदा वाटायचं, सरळ फळ्यावर लिहून द्यावं आणि मोकळं व्हावं. एका दुपारी खडू हातात घेऊन त्यांनी खरोखरच उत्तर लिहून दिलं, आणि मुलं इतक्या आनंदानं उतरवायला लागली की बाईंचं त्यांना आणि स्वतःला हसावं की रडावं हे ठरेना. उतरवण्यात एक सुख असतंच. ते त्यांना माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी तेच सुख वाटलं होतं.

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पहिली येणारी मुलगी दुसरी आली आणि तिच्या आईनं बाईंशी बोलणं सोडलं. मधल्या मुलांचे गुण थोडे वाढले. मुंगी गणितात काठावर नव्हे, चांगली पास झाली, पण भाषेत तिचे चार गुण अक्षर बारीक म्हणून कापले गेले. पेपर दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी तपासले होते. बाईंनी त्यांना काही म्हटलं नाही. गेल्या वर्षापर्यंत त्यांनीही कापलेच असते.

नव्या वर्षाचं वाटप सूचनाफलकावर लागलं तेव्हा बाईंच्या नावापुढे पहिली होती. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "तुमचं अक्षर एवढं छान. लहान मुलांना वळण लागेल." आवाज गोड होता. पण चौथीला स्पर्धा परीक्षा असतात, पालकांची नजर चौथीवर असते, आणि पहिलीत कुणाच्या वहीकडे कोण बघतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

घरी येऊन बाई खुर्चीत बसून राहिल्या. दिवा लावायचं भान राहिलं नाही. यजमान आले, त्यांनी दिवा लावला आणि विचारलं, "काय झालं?"

"पहिली दिली. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना. ज्यांना अ सुद्धा लिहिता येत नाही त्यांच्याकडून मी काय लिहून घेणार?"

यजमान स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, आणि दोन कप घेऊन आले. "ते बोलतात ना पण?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पहिलीतले."

"बोलतात? डोकं उठवतात!"

"मग झालं तर," असं म्हणून ते चहा प्यायला लागले.

जून उजाडला. पहिलीच्या वर्गात बाकं इतकी बुटकी की बाईंचे गुडघे अडकत. पहिला आठवडा रडण्यात आणि पाण्याच्या बाटल्या शोधण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पुढच्या बाकावरच्या मुलानं तोंड उघडून खिंड दाखवली. "बाई, माझा दात पडला."

"अरे वा! कसा पडला? सांग सगळ्यांना. तू सांग, मी लिहिते."

तो सांगायला लागला आणि बाई फळ्यावर लिहायला लागल्या, त्याचेच शब्द, जसेच्या तसे. 'माझा दात हलत होता. मी जिभेने ढकलला. तो पडला. रक्त आलं पण मी रडलो नाही. मी दात खिशात ठेवला. खिसा फाटका होता.'

बाईंनी एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. मुलगा बघत राहिला. "हे मी बोललो ते आहे?"

"हो, तू बोललास तेच."

"सगळं?"

"सगळं."

त्यानं थोडा विचार केला. "मग ते खिसा फाटका होता पुसा. आई म्हणेल, शाळेत जाऊन सांगितलंस होय."

बाईंनी डस्टर उचललं. तेवढ्यात खिडकीशी बसलेली एक मुलगी उठून उभी राहिली. "पुसू नका! मग दात कुठं गेला ते कसं समजणार?"

"माझा दात आहे!"

"पण गोष्ट अर्धी राहते!"

"रडलो नाही हे पण खोटं आहे," तिसरा म्हणाला. "मी बघितलं, हा रडला होता."

वर्गात एकच गिल्ला झाला. निम्मे पुसा म्हणत होते, निम्मे नको म्हणत होते. बाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं, एक बुटकी खुर्ची ओढली आणि गुडघे सावरत तिच्यावर बसल्या. "एकेकानं बोला," त्या म्हणाल्या. "आधी ज्याचा दात आहे तो."